यादी कोण लावतं, ते एकदा सांगा

शनिवारी रात्री अकरा वाजून गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवार सकाळच्या फुटबॉल मॅचला कोण रेफ्री, त्याची यादी टाकणाऱ्या माणसाला मला एकदा पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून मालाडला न्यायचंय. सातची मॅच म्हणजे साडेसहाला मैदानावर. त्यासाठी चारला उठा, दादरला गाडी बदला. पाठीवर बॅग, त्यात दोन रंगांच्या जर्सी, कारण टीम कुठल्या रंगात येणार ते कोणी कळवत नाही. शूज, झेंडे, शिट्टी, जास्तीची शिट्टी, कार्डं, पाणी. लागोपाठ तीन मॅच काढून दुपारी परत निघावं तर मेगाब्लॉक. हे सगळं मी आनंदाने करतो. मला रेफ्रीचं काम मनापासून आवडतं, नाहीतर बँकेतली नोकरी सांभाळून आठवड्यातली एकुलती एक सुट्टी कोण उन्हात घालवेल?

पण वेळेवर कळवा ना! घरात बारसं असो, कोणाचं लग्न असो, "तू येणार आहेस की नाही?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं, "यादी येऊ दे, मग सांगतो." आणि यादी आल्यावर दहा मिनिटांत "कन्फर्म" लिहिलं नाही, डोळा लागला असला, तर सकाळी आपल्या जागी दुसऱ्याचं नाव. वर पुढचे दोन रविवार मॅच लागत नाही. ग्राउंडचं बुकिंग महिनाभर आधी होतं. टीमचे पैसे आधी भरून घेतले जातात. बॅनर छापून येतात, त्यावर स्पॉन्सरचे फोटो असतात. फक्त रेफ्री कोण, ते शनिवारी रात्री आठवतं. मी मुंबईतल्या खासगी लीगबद्दल बोलतोय, ज्या आता प्रत्येक टर्फवर, म्हणजे भाड्याच्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, एक अशा झाल्या आहेत.

रात्रीची वेळ हे निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून मोठा राग वेगळाच आहे. ही यादी कुठल्या नियमाने लागते, ते कोणालाच सांगितलं जात नाही. कोणाला फायनल मिळते, कोणाला अंडर नाइनची सकाळची मॅच, कोणाला काहीच नाही, हे एक माणूस फोनवर ठरवतो. त्या माणसाला कोण सांगतं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

माझंच घ्या. एका अकॅडमीची लीग होती आणि आयोजकांची स्वतःचीच टीम त्यात खेळत होती. सेमीफायनल मला लागली. सेकंड हाफमध्ये समोरचा पोरगा एकटा सुटला, आयोजकांच्या टीमचा गोलकीपर पुढे आला, बॉलसाठी झेपावला, बॉल हुकला आणि पोराचा पाय घेऊन गेला. बॉक्सच्या आत, माझ्यापासून दहा-बारा पावलांवर. मी शिट्टी मारली, पेनल्टी दाखवली आणि गोलकीपरला पिवळं कार्ड काढलं. गोलची स्पष्ट संधी हुकवली, पण बॉल खेळण्याचा खरा प्रयत्न होता आणि फाऊल बॉक्समध्ये झाला, तर पेनल्टी आणि पिवळं. २०१६ साली नियम बदलल्यापासून हेच आहे. त्याआधी लाल असायचं, कारण तेव्हा पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या मॅचची बंदी अशी तिहेरी शिक्षा व्हायची, ती जास्त वाटली म्हणून बदलली. आता गंमत बघू नका, नीट ऐका. एका बाजूचे कोच "पेनल्टी कसली?" म्हणून अंगावर आले आणि दुसऱ्या बाजूचे "लाल का नाही?" म्हणून. दोघांपैकी एकानेही नियमांचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

पेनल्टीवर गोल झाला, आयोजकांची टीम हरली. त्यानंतर त्या लीगमध्ये मला एकही मॅच लागली नाही. तक्रार नाही, चौकशी नाही, "तुझं इथे चुकलं" असं सांगणारा रिपोर्ट नाही. यादी लावणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "अरे दादा, रोटेशन चालू आहे." कसलं रोटेशन? तीच पाच नावं दर आठवड्याला फिरताहेत. शेवटी एका लाइन्समनने कानात सांगितलं, मालक म्हणाले, "तो नको."

हे "तो नको" चालवून घेणाऱ्यांना इटली आठवत नाही का? २००६ साली तिथे सगळा देश हादरला तो याच गोष्टीवरून. युव्हेंटस क्लबचे मोठे अधिकारी लुचियानो मोज्जी आणि रेफ्रींच्या नेमणुका करणारे अधिकारी यांचे फोन टॅप झाले होते. कुठल्या मॅचला कोण यावं, यावर बोलणी चालली होती. बॉल गोललाइनच्या आत गेला की बाहेर, हा वाद तिथे नव्हताच, मॅचच्या कितीतरी आधी यादीवरच खेळ सुरू व्हायचा. युव्हेंटसला सेरी बी मध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं, दोन विजेतेपदं काढून घेतली. एवढा मोठा क्लब! आणि आपल्याकडे टर्फचा मालक उघड सांगतो की अमुक रेफ्री नको, आणि सगळे मान डोलावतात, कारण पुढच्या महिन्याचं ग्राउंड त्याच्याचकडून हवं असतं.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, तिथल्याही रेफ्रींना दर आठवड्याला लोक फाडून खातात. पण प्रीमियर लीगची नेमणूक आठवड्याच्या सुरुवातीला जाहीर होते. रेफ्री, दोन असिस्टंट, फोर्थ ऑफिशियल, व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायला, कोण, सगळी नावं लोकांसमोर. आपण कुठल्या क्लबचे चाहते आहोत हे रेफ्रीने आधीच कळवायचं असतं आणि त्या क्लबची मॅच त्याला दिली जात नाही. एखाद्याने मोठी चूक केली आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नाव खालच्या लीगमध्ये दिसलं, तर ते सगळ्या जगाला दिसतं. वर्ल्ड कपमध्ये तर स्वतःच्या देशाची टीम आत असेपर्यंत फायनल विसरायची. २००२ मध्ये इटली बाहेर पडली आणि फायनल इटलीच्याच रेफ्रीला, पियर्लुइगी कोलिनांना मिळाली. २०१० मध्ये इंग्लंड जर्मनीकडून चार-एकने हरलं आणि इंग्लंडचे हॉवर्ड वेब फायनलला उभे राहिले. नियम कडक आहे, पण प्रत्येकाला आधीपासून माहीत आहे. मला एवढंच हवंय. मला मॅच लागली नाही तर का लागली नाही, ते एका ओळीत सांगा. चुकलो असेन तर चूक दाखवा, मी सुधारेन.

आता बक्षिसांचं. फिफाच्या 'द बेस्ट' पुरस्कारांमध्ये खेळाडू आहे, कोच आहे, गोलकीपर आहे, सुंदर गोल आहे, प्रेक्षकसुद्धा आहेत. रेफ्री नाही. बॅलन डी'ऑरच्या रात्रीही नाही. आपल्याकडे खेळाडूला अर्जुन, कोचला द्रोणाचार्य, आणि नव्वद मिनिटांत दहा-बारा किलोमीटर पळणाऱ्या माणसाच्या नावाने काय? ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन वर्षाला एक रेफ्री आणि एक असिस्टंट निवडतं, तेवढं जमेला धरतो. पण ती नावं मुंबईत कोणाला सांगता येतील? अंधेरीच्या स्टँडमध्ये मुंबई सिटी क्लबची निळी जर्सी घालून बसलेल्या पोरांना विचारा, गोव्याच्या उवेना फर्नांडिस कोण? २०१६ मध्ये आशियाई फुटबॉल कॉन्फेडरेशनने त्यांचा रेफ्री म्हणून खास गौरव केला. २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये झेंडा घेऊन पळणारा भारतीय कोण? कोमलेश्वरन शंकर. आपली टीम वर्ल्ड कपला कधी खेळली नाही, पण आपला माणूस तिथे मैदानावर होता! त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही पुरुष वर्ल्ड कपमध्ये भारतीय रेफ्री दिसला नाही, आणि याचं कोणाला काही वाटतही नाही.

वाटतं कधी? २० डिसेंबर २०२३ ला अंधेरीतच मुंबई सिटी आणि मोहन बागानच्या मॅचमध्ये सात लाल कार्डं निघाली तेव्हा. त्या रात्री रेफ्रीचं नाव शहराला पाठ झालं. मार्च २०२३ मध्ये सुनील छेत्रीने समोरचे तयार व्हायच्या आत पटकन फ्री किक मारून गोल केला, रेफ्रीने तो धरला आणि केरळा ब्लास्टर्सने मैदान सोडलं, तेव्हाही तसंच. केरळाच्या कोचवर दहा मॅचची बंदी आली, क्लबला चार कोटींचा दंड झाला, तरी शिव्या रेफ्रीलाच. व्हीएआर नसताना शिट्टीवाल्याकडे असतात दोन डोळे आणि एक क्षण. घरी टीव्हीवर सहा अँगलने स्लो मोशन बघून निकाल देणं फार सोपं आहे.

आमच्या लीगमधलं बक्षीस वाटप सांगतो. स्टेजवर नगरसेवक, स्पॉन्सर, त्यांची मुलं. बेस्ट प्लेअर, बेस्ट कीपर, बेस्ट कोच, टॉप स्कोअरर, फेअर प्ले. फेअर प्लेचं बक्षीस कार्डं मोजून दिलं जातं, ती कार्डं कोणी काढली? आम्ही चौघं घामेजलेल्या जर्सीत टेबलामागे उभे. सगळं संपल्यावर, खुर्च्या उचलायला लागल्यावर, एक पोरगा पाकीट घेऊन येतो, व्हाउचरवर सह्या घेतो आणि पुटपुटतो, "सर, ह्या वेळी थोडे कमी आहेत, पुढच्या आठवड्यात अ‍ॅडजस्ट करतो." पुढच्या आठवड्यात मॅचच लागत नाही. वर्ल्ड कप फायनलच्या रेफ्रींना खेळाडूंबरोबर मेडल मिळतं. आम्हाला मेडल नको, ठरलेले पैसे द्या आणि माईकवर चार नावं घ्या.

मैदानाच्या कडेचे पालक हा आणखी एक ताप. "ओ रेफ, चष्मा लगाओ!" हे आता आम्हाला ऐकूही येत नाही. पण कळव्याची एक पोरगी, नुकतीच रेफ्रीची कॅटेगरीची परीक्षा पास झालेली, पहिल्याच महिन्यात अंडर इलेव्हनच्या मॅचला उभी होती. ऑफसाइड दिला. बरोबर दिला होता, मी फोर्थला होतो, मी पाहिलंय. एका मुलाचा बाप लाइन ओलांडून तिच्या तोंडासमोर येऊन असलं काही बोलला की ते इथे लिहिणार नाही. आयोजक मध्ये पडला आणि म्हणाला, "सर, जाने दो, नयी है." म्हणजे चूक तिची! बापाला बाहेर काढायला हवं होतं, मॅच थांबवायला हवी होती, मी त्यासाठी भांडलो, तर मलाच सांगितलं की टाइम निघून जातोय, पुढची टीम उभी आहे. ती पोरगी परत आली नाही. २०२२ मध्ये स्टेफनी फ्रापार या फ्रेंच बाईने पुरुषांच्या वर्ल्ड कपची मॅच काढली, तेव्हा याच आयोजकाने "प्राउड मोमेंट" म्हणून स्टेटस ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये २०२३ पासून गल्लीतल्या रेफ्रींच्या छातीवर कॅमेरे लावून बघताहेत, कारण शिवीगाळीला कंटाळून लोक सोडून जात होते. इथे लोक सोडून जातात आणि यादीवाला दुसरं नाव टाकतो.

आणि निवृत्ती. आमच्यात एक आहेत, शाळेत पीटी शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतो. मला पहिल्यांदा झेंडा कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. झेंडा कायम मैदानाच्या बाजूच्या हातात, म्हणजे रेफ्रीला दिसतो, पळताना तो फडकवायचा नाही, सरळ खाली ठेवायचा. तीस वर्षांहून जास्त शिट्टी वाजवली त्यांनी या शहरात. पंचाहत्तर मीटर पळा, पंचवीस मीटर चाला, असं चाळीस वेळा, ही फिटनेस टेस्ट त्यांनी वय झाल्यावरही आमच्याबरोबर दिली आहे, आणि पोरं धापा टाकत असताना ती पूर्ण केली आहे. त्यांचं नाव एका शनिवारी यादीत नव्हतं. पुढच्या शनिवारीही नव्हतं. मग ग्रुपमधून काढलं. झाली निवृत्ती. नारळ नाही, शाल नाही, साधा फोन नाही. ते बिचारे कितीतरी आठवडे शनिवारी रात्री जागे राहायचे, वहिनींनी सांगितलं मला.

वयाची अट असेल तर लिहून लावा ना! कोलिना पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणार होते, तर इटालियन फेडरेशनने त्यांच्यासाठी मर्यादा वर्षभर वाढवली होती. नंतर जाहिरातीच्या करारावरून वाजलं आणि २००५ मध्ये त्यांनी स्वतः राजीनामा दिला, ती गोष्ट वेगळी. जर्मनीत सत्तेचाळीसची मर्यादा लावून रेफ्री मानुएल ग्रेफेंना २०२१ मध्ये थांबवलं, तर ते कोर्टात गेले. २०२३ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने सांगितलं की हा वयावरून केलेला भेदभाव आहे आणि ४८,५०० युरो भरपाई द्यायला लावली. त्यांना निदान कोर्टात दाखवायला एक मर्यादा होती. मास्तर कोर्टात काय दाखवणार? व्हॉट्सअ‍ॅपचा "रिमूव्ह्ड"?

गेल्या गुरुवारी त्याच यादीवाल्याचा मला फोन. "दादा, मास्तरांचा नवा नंबर आहे का? रविवारी सहा मॅच आहेत, माणूस कमी पडतोय, ते नाही म्हणणार नाहीत." मी नंबर दिला नाही. आधी त्यांचे मागचे तीन मॅचचे पैसे घरी नेऊन दे म्हणालो, आणि त्यांना ग्रुपमधून का काढलं ते वहिनींसमोर बसून सांग. फोन कट केला त्याने. परवा रात्रीच्या यादीत माझंही नाव नव्हतं.