जमिनीचा शब्बाथ आणि आपला कृष्णाकाठ

सांगली-मिरज परिसरातील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) पर्यावरणाचा विषय निघतो तो बहुधा जून महिन्यात, आणि एखादे रोप लावून छायाचित्र काढले की तिथेच संपतो. सृष्टीची राखण हा उपासनेइतकाच आपल्या विश्वासाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी पवित्र शास्त्राच्याच, म्हणजे बायबलच्या, आधाराने मांडू इच्छितो.

उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील, माणसाने सृष्टीवर ‘सत्ता चालवा’ ही आज्ञा आपल्याला तोंडपाठ असते. याच शिकवणुकीवर बोट ठेवून लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेला पर्यावरणाच्या संकटासाठी जबाबदार धरले होते. ती टीका आपण निमूटपणे ऐकून घेतली पाहिजे. पण ज्या शास्त्रात ही आज्ञा आहे, त्याच शास्त्रातील लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्यायही वाचला पाहिजे. सहा वर्षे शेत पेरावे, द्राक्षमळ्याची छाटणी करावी आणि सातव्या वर्षी जमिनीला पूर्ण विश्रांती, म्हणजेच शब्बाथ, द्यावी, असा तिथे नियम आहे. त्या वर्षी आपोआप उगवेल ते मालकाने, चाकराने, उपऱ्याने, गुरांनी आणि रानातल्या जनावरांनीही खायचे आहे. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता, असे देव त्याच अध्यायात बजावतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला हे वचन जड जाईल, आणि आपल्यातील ज्या कुटुंबांच्या नावे पिढ्यान्‌पिढ्या गुंठाभरही रान नव्हते त्यांना ते दिलासा देईल. मला दोन्ही रास्तच वाटते.

आता आपला कृष्णाकाठ पाहा. लागण, मग त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा, त्यानंतर निडवा असा एकाच रानात वर्षानुवर्षे ऊस उभा असतो आणि पाणी मुबलक म्हणून पाटाने मोकळे सोडले जाते. खोल काळ्या जमिनीत निचरा मुळातच संथ असतो, त्यामुळे पाणी खाली साठत जाते, भूजलाची पातळी वर चढते आणि त्यात विरघळलेले क्षारही वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. मिरज, पलूस आणि वाळवा तालुक्यांत अशी क्षारपड राने उन्हाळ्यात जवळून पाहावीत. ढेकळांवर पिठासारखा पांढरा थर असतो, बोट फिरवले की तो बोटाला लागतो. उसाची उगवण विरळ होत जाते आणि काही वर्षांनी लव्हाळ्याखेरीज फारसे काही तग धरत नाही. लोकांनी जमिनीला विश्रांती नाकारली तर ती आपले शब्बाथ पुढे भोगून घेईल, असे लेवीयच्या सव्विसाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि यहूदी लोकांच्या बाबेलमधील बंदिवासाच्या ७० वर्षांचा अर्थ बायबलमधील ‘२ इतिहास’ या पुस्तकाने तसाच लावला आहे. अशा रानाच्या बांधावर उभे राहिल्यावर ते वचन मला टाळता येत नाही.

मात्र त्याचा उपयोग करून कोणावर शिक्षेचा शिक्का मारू नये. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सखल भागातील गोरगरिबांचे संसार वाहून गेले. त्या पुराला देवाचा कोप म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे त्याने रान पड ठेवायचे तरी कसे, हा प्रश्नही खरा आहे. शास्त्राने तो टाळलेला नाही. ‘सातव्या वर्षी आम्ही खावे काय?’ ही शंका त्या नियमातच नोंदवलेली आहे, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात त्याच सातव्या वर्षी कर्जमाफीचीही आज्ञा आहे. म्हणजे जमिनीची विश्रांती आणि ऋणकोची सुटका शास्त्राने एकत्र बांधली आहे. विश्रांतीचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून बाकीच्यांनी उपदेश करावा, अशी ती व्यवस्था नाही.

हे जग नाहीसेच होणार आहे, आपण आत्म्यांची चिंता करावी, असे काही बंधुभगिनी म्हणतात. सर्व सृष्टी कण्हत आहे आणि तीही दास्यातून मुक्त होणार आहे, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो. त्यापुढे हा युक्तिवाद टिकत नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला सृष्टीशी ही जवळीक परकीही नाही. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने गौरवलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारत होते.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातील अनेक मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात. पाळकांना आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीला माझी विनंती आहे की या वर्षी तो आपणही पाळावा. कापणीच्या उपकारस्तुतीला वेदीजवळ उसाची मोळी आणि ज्वारीची कणसे ठेवतो, त्यांच्यासोबत ज्या रानातून ती आली तिथल्या माती परीक्षणाचा अहवालही ठेवावा. या अर्पणांच्या लिलावातून जमणाऱ्या पैशातील ठरावीक वाटा मंडळीतील एखाद्या कुटुंबाच्या रानात निचऱ्याचे पाइप टाकण्यासाठी, किंवा उसाऐवजी एक हंगाम ताग-धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके घेऊन जमिनीत गाडणाऱ्याचा तोटा भरून देण्यासाठी राखून ठेवावा. रक्कम लहान असली तरी चालेल. ती दरवर्षी बाजूला निघाली पाहिजे, आणि तिचा हिशेब दानाच्या हिशेबाबरोबर मंडळीपुढे वाचला गेला पाहिजे.