विषबाग, कण्हेर आणि एक अर्धवट राहिलेली कादंबरी

मेरीरोझ वुड यांची ‘द पॉयझन डायरीज’ ही २०१० साली आलेली किशोर-कादंबरी वाचून संपवली आणि तिच्यातल्या अद्भुतापेक्षा इतिहासालाच अधिक जागा मिळायला हवी होती, असे माझे मत झाले. मूळ कल्पना नॉर्थम्बरलंडच्या डचेस जेन पर्सी यांची; इंग्लंडच्या उत्तर भागात अ‍ॅनिक येथे २००५ साली त्यांनी खास विषारी वनस्पतींची बाग खुली केली, जिच्या फाटकावर कवटीचे चिन्ह आहे आणि जिथे हात लावणे सोडाच, फुलांचा वास घेण्यासही मनाई आहे.

कथा त्याच परिसरातली, अठराव्या शतकाच्या अखेरची. औषधी वनस्पतींचा व्यासंग असलेले वडील, त्यांच्या कुलूपबंद बागेत प्रवेश नसलेली जेसमिन आणि झाडांचे बोलणे ऐकू येणारा ‘वीड’ नावाचा अनाथ मुलगा, या तिघांभोवतीचा पूर्वार्ध लेखिकेने फार संयमाने रचला आहे. पुढे मात्र कण्हेर माणसासारखी बोलू लागते, विषांचा राजपुत्र म्हणून मिरवते आणि कादंबरीचा तोल जातो. ज्या कण्हेरीची फुले आपण परडीत भरून देवाला वाहतो, तिला असे सरसकट खलनायक केलेले पाहून मराठी वाचकाला थोडे चुकल्यासारखे वाटणारच. पण माझा आक्षेप भावनेचा नाही.

कण्हेरीतले विष हृदयावर ज्या प्रकारे काम करते, जवळपास त्याच प्रकारे फॉक्सग्लोव्ह या झाडातले द्रव्यही करते. श्रॉपशरमधल्या एका वृद्धेच्या, वीसेक वनस्पती घातलेल्या घरगुती काढ्यातून नेमके हेच झाड गुणकारी आहे, हे विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी ओळखले, अंगाला पाणी धरलेल्या रुग्णांना ते देत मात्रा हळूहळू निश्चित केली आणि उलट्या, मंदावलेली नाडी अशा दुष्परिणामांसह सगळे १७८५ साली ग्रंथरूपाने मांडले. म्हणजे कादंबरीच्याच काळात, त्याच देशात, मारणारी आणि तारणारी मात्रा यांमधली अरुंद वाट खरोखरच कोणीतरी मोजत होते. प्रयोगाच्या नादात माणूस कुठवर जाईल, हे भय जेसमिनच्या वडिलांमध्ये पुरेपूर होते, त्यासाठी बोलक्या झाडाची गरजच नव्हती.

तरीही वनस्पतिशास्त्राची गोडी असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मी हे पुस्तक आवर्जून देईन, फक्त हा मालिकेतला पहिला भाग असून तो ऐन रंगात येऊन तुटतो, हे आधीच सांगून.