परदेशी पाठवलेली चाळीस टक्के माणसं फसतात? कुणी मोजली?

एचआरवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट अधूनमधून उगवते. तिचं म्हणणं असं: कंपनीने परदेशी पाठवलेल्यांपैकी विकसित देशांत २५ ते ४० टक्के आणि विकसनशील देशांत ७० टक्के लोक अपयशी ठरून मुदतीआधी परततात; मुख्य कारण म्हणजे बायकोला तिकडे करमत नाही; आखातातल्या आपल्या लोकांनाही हेच लागू; आणि हे सगळं संशोधनाने सिद्ध झालंय. प्रशिक्षण विकणाऱ्यांना असा आकडा सोयीचाच.

आधी ४० टक्के. कोणत्या लेखाने कोणाचा हवाला दिलाय ते बघत मागे गेलं, की बरेच धागे व्यवस्थापनाच्या अभ्यासक रोझली टंग यांच्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सर्वेक्षणापाशी पोचतात. त्यांनी कंपन्यांना विचारलं होतं, काम जमेना म्हणून किती जणांना परत बोलवावं लागलं? ८० अमेरिकी कंपन्यांपैकी फक्त ७ टक्के कंपन्यांत हे प्रमाण २० ते ४० टक्के निघालं. ६९ टक्के कंपन्यांत ते १० ते २० टक्के होतं, उरलेल्यांत १० च्या आत. युरोपातल्या ५९ टक्के आणि जपानच्या ७६ टक्के कंपन्यांत तर पाचाच्याही खाली. म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वाईट सात टक्के कंपन्यांचा आकडा उचलायचा आणि जगाच्या माथी मारायचा!

हे काही आज लक्षात आलेलं नाही. याच विषयाच्या संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी १९९५ मध्येच या आकड्यांची झडती घेतली आणि त्यांना मिथक म्हटलं. विकसनशील देशांतल्या ७० टक्क्यांनाही भक्कम आधार सापडला नाही. २००२ मध्ये त्यांनी हेच उदाहरण घेऊन दाखवलं, की अभ्यासक मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या लेखातला संदर्भ तसाच उतरवतात आणि प्रत्येक उताऱ्यागणिक आकडा जास्त पक्का वाटू लागतो. व्हॉट्सॲपला नावं ठेवणाऱ्या विद्वानांनी हा लेख जरूर वाचावा.

मुळात ‘मुदतीआधी परतणं म्हणजे अपयश’ ही मोजपट्टीच गडबडीची. पुण्याहून ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या ग्राहकाकडे, गेलेल्या मुलीचा प्रोजेक्ट सहा महिने आधीच गुंडाळत आणला गेला, ती परतली. यात ती कुठे नापास झाली? उलट एखादा तीन वर्षं तिकडे नुसता बसून येतो, तो यशस्वी. २००४ मध्ये हार्झिंग आणि क्लॉस क्रिस्टेन्सन यांनी तर ही ‘अपयशा’ची संकल्पनाच सोडून द्यावी का, असा सवाल केला.

बायकोचं कारण? टंग यांच्याच पाहणीत अमेरिकी कंपन्यांनी जोडीदाराचं न रुळणं पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं, हे खरं. पण जपानी कंपन्यांच्या यादीत वर होतं मोठी जबाबदारी न पेलणं, आणि जोडीदार तळाला. पोस्टमध्ये अर्धीच यादी आलीय. शिवाय ही कारणं कंपन्यांनी सांगितलेली. आपलं पाठबळ कमी पडलं, हे कुठली कंपनी लिहून देईल?

राहिला आखाताचा मुद्दा. परदेशी नेमणुकांचा अभ्यास करणाऱ्या या शाखेतलं बरंच जुनं संशोधन कंपनीने पाठवलेल्या मॅनेजरांवरचं आहे. स्वतःच्या हिमतीवर परदेशी जाणारे तिच्या नजरेत ठळकपणे आले ते २००० च्या सुमारास, सुटारी आणि ब्रूस्टर या अभ्यासकांनी फिनलंडच्या इंजिनिअरांचा अभ्यास केला तेव्हा. आखातातल्या मजुराची नोंद ठेवली ती वेगळ्याच लोकांनी. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजची केरळ स्थलांतर पाहणी १९९८ ची, गोव्याची २००८ ची. तिथे प्रश्न घरी पैसे किती येतात, परतलेल्यांचं पुढे काय होतं, असे असतात. त्या माणसाला मॅनेजरांचा तक्ता लावणं निरर्थक आहे. कतारमध्ये २०२० पर्यंत नोकरी बदलायला आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. एजंटला दिलेल्या पैशांचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस काम कितीही नकोसं झालं तरी करार पूर्ण करतो, आणि पोस्टच्या हिशेबाने तो ‘यशस्वी’ ठरतो.