शिबिराच्या फलकाखाली

नाशिकच्या गंगापूर रोडवरून गोदावरीकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक कडुनिंब आहे आणि त्याच्याभोवती सिमेंटचा पार आहे. संध्याकाळी साडेसहाला तेथे आम्ही पाच जण बसतो. निफाडचे द्राक्ष बागायतदार नाना, सरकारी नोकरीत तीस वर्षे आदिवासी तालुक्यांत काढलेले डॉक्टर, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले भाऊ, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून सुरगाणा आणि पेठ हे आदिवासी तालुके पायाखाली घातलेल्या ताई आणि सातपूरच्या एका कारखान्यात हजेरीपत्रक सांभाळलेला मी. चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत कोणाचे कोणाशी पटत नाही, हा आमचा नियम आहे.

कार्तिकातल्या एका संध्याकाळी समोरच्या विजेच्या खांबावर महाआरोग्य शिबिराचा फलक लागला होता. मोफत रक्तदाब, मोफत साखर, मोफत नेत्रतपासणी आणि खाली अकरा हसरे चेहरे, ज्यांपैकी एकही डॉक्टरचा नव्हता. नानांना मात्र तो फलक मनापासून आवडला. त्यांचे म्हणणे असे होते की सरकारने आणि पुढाऱ्यांनी दवाखाने नीट चालवावेत, गोरगरिबांची तपासणी करावी, आणि बाकीचे माणसावर सोडावे. खाणेपिणे, पाणी, मुलांचे शिक्षण ही ज्याची त्याने पाहायची गोष्ट आहे. त्यात सरकार घुसले की लोकांना फुकटाची सवय लागते आणि आरोग्य तर सुधारत नाहीच.

“शिबिरात साखर तीनशे निघाली, की पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार, हे या फलकावर कुठे आहे?” डॉक्टरांनी विचारले. मग त्यांनी आपली जुनी गोष्ट काढली, जी आम्ही आधीही ऐकली आहे, पण ती प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी टोचते. घाटाखालच्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते, तेथे पहिल्या पावसानंतर दरवर्षी त्याच पाड्यांवरून तीच मुले जुलाबाने सुकून येत. क्षारसंजीवनी द्यायची, सलाइन लावायचे, मूल डोळे उघडून हसले की परत पाठवायचे. “मी त्या मुलांना बरे करत होतो आणि ज्या विहिरीने ती आजारी पडत होती, तिच्याकडे परत धाडत होतो. मला पगार पहिल्या कामाचा मिळत होता.” सुरगाणा तालुक्यात पाऊस धो धो पडतो, नार आणि पार या नद्या भरून पश्चिमेला समुद्राकडे धावतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात, हे नाशिकमध्ये कोणाला सांगावे लागत नाही.

भाऊंना एवढे निमित्त पुरले. त्यांची श्रद्धा नळावर आहे. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने कॉलऱ्याचे रुग्ण नकाशावर मांडून एका सार्वजनिक हापशाकडे बोट दाखवले, ही कथा ते दर पावसाळ्यात सांगतात. त्यांचा दावा असा, की गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध करून शहरभर पोहोचवणाऱ्या केंद्रातल्या क्लोरीनने नाशिकची जेवढी मुले वाचवली असतील, तेवढी शहरातल्या सगळ्या बालरोगतज्ज्ञांनी मिळून वाचवली नसतील. पण क्लोरीनचे उद्घाटन कोणी करत नाही आणि वाचलेले मूल कधी पेढे घेऊन जलशुद्धीकरण केंद्रात येत नाही. आजार टळला याचा पुरावा दिसत नाही, म्हणून त्यावरचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो, हे त्यांचे तीस वर्षांचे दुःख आहे.

नाना हटले नाहीत. त्यांनी स्वतःचे उदाहरण दिले. आजोबा कोरडवाहू शेतकरी, आजीची चार मुले गेली. वडिलांच्या काळात ऊस आला, मग द्राक्षे आली, घरात दूध आले, बहिणी शिकल्या, आणि आज घरात कुपोषण हा शब्दही कोणाला ठाऊक नाही. “यात कोणती योजना होती? आम्ही घाम गाळला.”

“आणि पाणी कोणी सोडले, नाना?” भाऊंनी हळूच विचारले. “पालखेडचा कालवा तुमच्या आजोबांनी खोदला होता काय?”

नाना हसले. हा टोला त्यांना मान्य होता असे मला वाटते, कारण त्यांनी चहा मागवला. धरण, कालवा, डांबरी रस्ता आणि जिल्हा परिषदेची शाळा यांना आपण आरोग्याचा खर्च म्हणत नाही; पण निफाडच्या माणसाची उंची त्यानेच वाढली आणि सुरगाण्याच्या माणसाची खुंटली तीही त्याच्या अभावीच, असे मला वाटते. मात्र सगळेच श्रेय पाण्याला आणि शाळेला देण्याची जी नवी फॅशन आहे, तिला डॉक्टरांनीच लगाम घातला. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जाऊ लागलेल्या बाईला दोन तासांत रक्ताची पिशवी आणि हात चालणारी परिचारिका लागते, तेथे नळ कामाचा नाही, असे ते कठोरपणे म्हणाले. सामाजिक कारणांचे नाव घेऊन दवाखान्यांचा पैसा वाचवणाऱ्या सरकारांची त्यांना तेवढीच चीड आहे.

या दोन टोकांमधला रस्ता महाराष्ट्रातच दोनदा घालून दिलेला आहे, असे डॉक्टरांचे मत. १९७० साली डॉक्टर आरोळे दांपत्य जामखेडला गेले, तेव्हा लोकांनी आधी औषध नव्हे, पाणी आणि अन्न मागितले. मग त्यांनी तेथून सुरुवात केली आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग झाला तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. “आता सांगा, हा खर्च दवाखान्याचा की समाजाचा?” यावर कोणी बोलले नाही.

भाऊंच्या खिशात नेहमी एक घडी केलेला कागद असतो. त्यांनी तो काढला. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. नाना लगेच म्हणाले, की पाहा, विमा आणि सरकारी योजना कामाला आल्या. ते खोटे नाही. महात्मा फुले योजनेत शस्त्रक्रिया झाली नसती तर शेत विकले असते अशी घरे आम्हा प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. परंतु त्याच कागदाच्या मागच्या बाजूला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे होते. महाराष्ट्रात वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालील मुले २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाली. रक्तक्षय असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेल्या. विम्याचे कार्ड हृदयाची झडप बदलून देते, पण पानात डाळ वाढत नाही.

येथे मला कारखाना आठवला. आमच्याकडे कामगार आजारी पडला की ईएसआयच्या, म्हणजे राज्य कामगार विम्याच्या, दवाखान्यात रांग असे, औषध मिळे न मिळे, आणि त्याबद्दल आम्ही रोज बोटे मोडत असू. पण त्या व्यवस्थेची खरी किंमत मला हजेरीपत्रकावर कळली. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, बाळंतिणीला २६ आठवडे मिळते, आणि त्यासाठी कामगार पगाराचे पाऊण टक्का व मालक सव्वातीन टक्के भरतो. क्षयाचा माणूस खाडे पडतील या भीतीने खोकत खोकत यंत्रावर उभा राहत नव्हता, तो त्या ७० टक्क्यांमुळे. आजार पहिला हल्ला मजुरीवर करतो, शरीराचा क्रम नंतर येतो, हे मी तेथे शिकलो. कंत्राटी कामगार आले आणि त्यांतले कित्येक या नोंदीबाहेर राहिले, तेव्हा तोच खोकला पुन्हा यंत्रावर ऐकू येऊ लागला.

ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या बोलल्या तेव्हा त्यांनी सरळ नानांच्या बागेत पाऊल टाकले.

ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पेठ आणि सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे येतात आणि घडांची विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणे), मग काढणी असे करत उन्हाळ्यापर्यंत बागांच्या कडेला झोपड्या टाकून राहतात. ताईंच्या वजनकाट्यावर सप्टेंबरमध्ये एक मूल यायचे आणि तेच मूल मे महिन्यात दीड किलो कमी होऊन, सॅमच्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांच्या, यादीत जाण्याच्या बेतात परत यायचे. मधले सात महिने ते कोणत्याच वहीत नसायचे. “२०१५ पासून अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या गरोदर बाईला आणि बाळंतिणीला अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण ताट मिळते, त्याला अमृत आहार म्हणतात. योजना चांगली आहे, मी ताटे मोजली आहेत. पण निफाड अनुसूचित क्षेत्रात येत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत ती बाई सर्वांत जास्त राबते, त्याच महिन्यांत घाट चढून आल्याची शिक्षा म्हणून तिचे ताट थांबते.” रेशनचे त्या मानाने सुटले आहे, कार्ड आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. अंगणवाडीच्या मोबाइलमध्ये बाईची नोंद दुसऱ्या गावी हलवता येते. मात्र त्यासाठी नव्या गावच्या सेविकेला ती झोपडी सापडावी लागते, आणि झोपडी असते गावापासून दोन किलोमीटर लांब, कोणाच्या तरी बांधावर.

“मी त्यांना पत्र्याची शेड दिली आहे, बोअरचे पाणी दिले आहे,” नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होते. ताईंनी ते मान्य केले. मग त्यांनी जे विचारले, ते त्या संध्याकाळचे सर्वांत अवघड वाक्य होते. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी २००६ पासून ग्रेपनेट या सरकारी संगणक प्रणालीवर होते. कोणत्या प्लॉटचा माल कोणत्या पेटीत गेला आणि त्यात कोणत्या औषधाचा किती अंश आला, हे रॉटरडॅमला बसलेला माणूस पाहू शकतो. “घडाचा माग इतका लावता येतो, तर तो घड विरळणाऱ्या बाईला कितवा महिना आहे, हे का कळू नये?”

नाना म्हणाले की हे करायचे तर पैसा लागेल, आणि शेतकऱ्याचे आधीच भाव पडले, पाऊस अवेळी, औषधे महाग. हे सगळे खरे आहे. त्यावर मला माझी पगारपट्टी आठवली. आमच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जात. कशासाठी, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना हक्काने काम देण्यासाठी महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि तिच्यासाठीच शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. शहराने खेड्याच्या मजुरीचा भार असा उचलला, आणि हक्काच्या कामाची कल्पना दिल्लीने २००५ मध्ये घेतली. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्यात मालकाकडून मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही घेऊन मंडळ चालते. पेटीमागे एखादा रुपया निर्यातदाराकडून घेऊन बागेच्या हंगामापुरती अंगणवाडी आणि पाळणाघर चालवणे या राज्याला नवीन नाही, असे मी म्हणालो. निर्यातदाराचे नाव ऐकताच नानांनी मान डोलावली. शेतकऱ्याचे नाव घेतले असते तर डोलावली नसती.

भाऊंनी शंका काढली, की असा रुपया गोळा होईल, पण तो मंडळाच्या इमारतीत आणि गाड्यांत मुरेल. बांधकाम मजुरांच्या एक टक्का उपकराचे पैसे वर्षानुवर्षे पडून राहिल्याचा दाखला त्यांनी दिला. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ताईंकडे अर्धे होते: पैसा मंडळाकडे न देता ज्या गावच्या शिवारात टोळी उतरली त्या ग्रामपंचायतीला, माणशी द्यावा, आणि योजनेची हद्द जमिनीला न लावता बाईला लावावी, म्हणजे ती जाईल तेथे ताट जाईल. डॉक्टरांनी लगेच त्यात परिचारिकेची आठवड्याची फेरी जोडली आणि भाऊंनी पाण्याची टाकी.

“पण माणशी किती, हे आधी कळायला हवे,” असे पुटपुटत भाऊंनी कागद उलटा केला. “नाना, तुमच्या बागेवर सध्या माणसे किती?”

“बाया चौदा, गडी नऊ,” नाना तत्काळ म्हणाले.

“आणि मुले?” ताईंनी विचारले.

नाना थांबले. मग त्यांनी फोन काढला, मुकादमाला लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे बाजेवरचा रेडिओ वाजत होता. नानांनी प्रश्न दोनदा विचारला.

“पोरं कशाला मोजायची, नाना?” मुकादम म्हणाला. “हजेरी तर बायांचीच लागते ना.”

नानांनी त्याला जाऊन मोजून यायला सांगितले आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. ताईंनी भाऊंच्या हातातला कागद घेतला, पर्समधून पेन काढले आणि गावाचे नाव विचारून लिहिले.