‘मांजर म्हणजे ना…’ असं सुरू होणारं वाक्य

‘मांजर म्हणजे ना, भारी आपमतलबी जनावर’ असं कुणी म्हणालं की मी ओळखते, यांच्याकडे मांजर कधी नव्हतं, नाहीतर जन्मात एकच होतं. एका मांजरावरून अख्ख्या मांजरजातीबद्दल बोलणं म्हणजे एका चुलत सासऱ्यावरून सगळ्या सासरबद्दल मत बनवणं.

आमच्या चिपळूणच्या घरात मांजर नव्हतं असा काळच मला आठवत नाही. मुद्दाम आणलेलं त्यात एकही नाही. एखादी मांजर माळ्यावर व्यायची, पिल्लांना सात घरं फिरवून परत आमच्याकडेच यायची, त्यातलं एखादं कायमचं मुक्कामाला राहायचं.

सगळ्यात जुनी आठवते ती मामी. काळी, पांढरी, केशरी. नाव आजीनं ठेवलेलं, कारण ती खोलीत आली की सगळे जरा सावरून बसायचे. मामी कधी कुणाच्या मांडीवर बसली नाही. पण आजी पूजेला बसली की पाटापासून हातभर अंतरावर, चारी पाय पोटाखाली घेऊन, निरांजनाकडे बघत ही हजर. आमच्याकडे मासा शिजत नसे, म्हणून मामी शेजारून बांगड्याचं डोकं खाऊन यायची आणि त्याच तोंडानं पूजेला. बाबा मुद्दाम विचारायचे, ‘हे तुझ्या सोवळ्यात चालतं?’ आजीचा निकाल ठरलेला, ‘मांजराला विटाळ नसतो. तुझी आंघोळ झाली का ते सांग.’

मामीचा मुलगा बंडू, केशरी बोका. केशरी बोके म्हणे लाडिक आणि बिनधास्त. आमचा बंडू कुकरच्या पहिल्या शिट्टीला तांदळाच्या पिंपामागे जायचा, तो भात वाढेपर्यंत बाहेर येत नसे. पाहुणा आला की त्याची फक्त शेपूट दिसायची. रंगाचं म्हणाल तर ते खरं तर नर-मादीचं गणित आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एक्स एकच, म्हणून एक प्रत पुरते. मादीला पूर्ण केशरी व्हायला दोन लागतात. त्यामुळे केशरींत बोके जास्त. आणि केशरी-काळं एकत्र दिसायला एक्स दोन हवेत, म्हणून मामीसारखी तीन रंगांची जवळजवळ नेहमी मादीच. 2025 मध्ये जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी हे जनुक नेमकं कुठलं तेही शोधून काढलं. पण ‘तिरंगी म्हणजे तापट, केशरी म्हणजे प्रेमळ’ हे त्यातून कुठेच निघत नाही. ते आपलं रील्सवाल्यांचं शास्त्र.

आता तात्या. राखाडी पट्ट्यांचा, रुंद तोंडाचा, चालताना पोट हलवणारा. शेजारी एक खरेखुरे तात्याही राहत. आई रोज संध्याकाळी मागच्या दारात उभी राहून हाक मारायची, ‘तात्या, ये रे, दूध ठेवलंय!’ शेवटी एकदा कुंपणापलीकडून उत्तर आलं, ‘वहिनी, माझ्यात साखर घाला.’ (बोक्याला साखर घालून उपयोग नाही. गोड चव टिपणारं जनुक मांजरांत निकामी असतं, हे 2005 पासून माहीत आहे. तात्या खरवसावर तुटून पडतो तो दुधातल्या स्निग्धपणासाठी, गुळासाठी नव्हे.)

तात्याची बहीण चिमी. एका विणीतली दोघं. 22 जुलै 2021 ला पहाटे वशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तात्या बाबांच्या खांद्यावर, बाजाराच्या कापडी पिशवीत, डोकं तेवढं बाहेर काढून मुकाट आमच्याबरोबर शेजारच्या गच्चीवर आला. चिमी आढ्यावर चढली ती पाणी ओसरलं तरी खाली उतरेना. खालून भिजकी पोळी दाखवून झाली, दूध दाखवून झालं. चिखल काढायचं काम चालू, आणि वरून ही आमच्यावर गुरगुरतेय.

पुढे आम्ही उंचावरच्या भागात फ्लॅट घेतला. तात्यानं पहिल्या दिवशी सगळे कोपरे हुंगले, बेसिनमध्ये शिरून झोपला, विषय संपला. चिमी पळून जुन्या घरी. बाबांनी परत आणली, पुन्हा पळाली. आता तिथे चुलतभाऊ राहतो आणि चिमी त्याची. मी गेले की ओळख दाखवते, पण दारापर्यंत सोडायला येत नाही.

तर मग ‘मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं’ हे खरं की खोटं? चिमीला विचारा, खरं. तात्याला विचारा, साफ खोटं. एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. आणि बाप पिल्लांचं तोंडही बघत नसला तरी धीटपणा त्याच्याकडून येतो, असं 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. शिवाय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. तात्या त्या वयात माळ्यावरून खाली पडला होता आणि भाच्याच्या हातात वाढला. चिमीला तिच्या आईनं, मांजरीनं, उचलून लाकडांच्या खोपटीत नेलं होतं. माझ्या मते फरक तिथेच पडला.

आता फ्लॅटमध्ये तात्याच्या जोडीला पिठी आहे, पांढरी. मोठी मांजरं एकमेकांशी ‘म्यांव’ फारसं करत नाहीत, ते माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं. पिठी तात्याशी अक्षर बोलत नाही, थेट त्याच्या ताटलीत तोंड घालते, आणि तो म्हातारा शेजारी बसून वाट बघतो. बाबांना मात्र पहाटेपासून भाषण. ते उठून स्वयंपाकघरात गेले की भाषण बंद. खायचंही नसतं, फक्त माणूस उठलेला हवा असतो.

हे सगळं लिहायचं कारण, सोसायटीच्या पार्किंगमधल्या मांजरीची पिल्लं द्यायची आहेत आणि येणारा प्रत्येक मेसेज ‘केशरी आहे का?’ केशरी गेले. आणि फोटोवरून पसंत करू नका. या, अर्धा तास खाली फरशीवर बसा, कोण जवळ येतं ते बघा. आईलाही बघा, बाप तर सापडणार नाही. आठ आठवडे झाल्याशिवाय मी पिल्लू देणार नाही. लस टोचायची, वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन करायचं. ऑपरेशननं बोक्याची भांडणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं, मूळचा स्वभाव तोच राहतो, तेव्हा ‘स्वभाव बदलेल’ अशी भीती घालू नका.

सध्या एकच उरलंय. काळं, शेपटीला गाठ, बुटाची नाडी सोडवण्यात हुशार. लवकर कळवा, कारण बाबा दोनदा ‘सहज’ पार्किंगमध्ये जाऊन आलेत आणि आईनं तिसरं मांजर घरात आणायचं नाही म्हणून बजावलंय.