पॅन्टला भोकं किती?

काळीपिवळीच्या सीटचा खिळा मागच्या खिशाशेजारी लागला आणि पॅन्ट टर्रकन फाटली. गावात शिंपी एकच. त्यानं पॅन्ट काढून घेतली आणि फॉल-पिकोला आलेली कुणाची तरी जांभळी साडी गुंडाळायला दिली. त्या अवतारात मला प्रश्न आला, "सर, तुमी कालेजात काय शिकवता जी?"

"अल्जेब्राइक टोपॉलॉजी. वस्तू ताणायची, पिळायची, पण फाडायची नाही, जोडायची नाही. अन् मग तिच्यात भोकं किती, ते बीजगणितानं काढायचं."

1895 साली फ्रेंच गणिती आन्री प्वांकारेनं याचा पाया घातला, हे सांगायला तोंड उघडलं, तर म्हणतो, "मंग सांगा, पॅन्टले भोकं किती?"

"दोन."

"तीन! दोन पाय, एक कंबर. खिऱ्याचं अलगच."

"कंबरेभोवतीचा दोरा खाली सरकवला की पायांभोवतीच्या दोन दोऱ्यांची बेरीज होते. कंबर वेगळी मोजायची नाही."

"कंबर मोजाची नाही?" त्यानं गळ्यातला टेप घट्ट धरला.

बाकावर बंडीसाठी ताटकळलेल्या म्हाताऱ्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "माह्या धोतराले किती?"

"शून्य, काकाजी."

"नेसल्यावर?"

"तरी शून्य. साधं कापड ते. आक्रसत नेलं की एक टिंब उरते."

काकाजी उठले. कासोटा चाचपला. "म्हंजे जलमभर म्या टिंब नेसून रायलो? बाप्पा! सोता लुगडं गुंडाळून बसला, अन् मले उघडा म्हनते!"

दुकान हसलं. रस्त्यावरची दोन पोरंही उगाच हसली.

हसा. प्वांकारेचं 1904 चं कोडं रशियन गणिती पेरेलमननं सोडवलं आणि 2010 मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं. आम्ही तासिका तत्त्वावरचे. सुट्ट्यांत तास नाही म्हणून पैसे नाहीत, अन् घेतलेल्या तासांचं बिल कुठल्या टेबलावर झोपलंय, कुणी सांगत नाही. नाकारायला आधी कुणी द्यायला तर हवं! वर ज्याला त्याला विचारायचं असतं, "याचा उपयोग काय?" धोतराचा उपयोग कधी विचारला मी?

पॅन्ट आली. ठिगळ झकास, पण शिलाई खिशाच्या तोंडावरूनही गेलेली. भोकं पुन्हा दोनच. मात्र चहूकडून बंद खिसा म्हणजे पोकळी, आणि तिचं खातं वेगळं. पोकळ्या मोजणारा दुसरा बेट्टी अंक शून्याचा एक झाला होता. आत माझी दहाची नोट करकरत होती.

"ठिगळाचे वीस," शिंपी म्हणाला. "खिसा उसवाचा असन तं दहा अलग."