पाऊणकीचा समुद्र

पुण्यात पहाटे दात वाजायला लागले, तेव्हा घरात ठराव झाला की जरा उबेला जाऊ. शनिवार-रविवारला जोडून एक रजा टाकली आणि अलिबाग पक्कं केलं. उबेलाच जायचं असताना सासूबाईंनी शाली, स्वेटर आणि नानांची कानटोपी का घेतली, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. वडखळच्या रांगेत गाडी अडकली तोवर ते सगळं उतरून माझ्या मांडीवर जमा झालं होतं. कोकणातली डिसेंबरची थंडी पहाटे तोंड दाखवते आणि नऊच्या आत निघून जाते.

जायचं होतं कुलाबा किल्ल्यावर. आतल्या सिद्धिविनायकाचं दर्शन संकष्टीलाच घ्यायचं, हा सासूबाईंचा हट्ट. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला किल्ला नातवंडांना जागेवर उभं करून समजवायचा, हा नानांचा. किल्ला किनाऱ्यासमोर, पण समुद्रात. ओहोटी असेल तर चालत जा, नाहीतर होडी. आणि होडी म्हटलं की सासूबाईंना नुसत्या शब्दानेच मळमळतं.

ओहोटीची वेळ नवरा मोबाइलवर शोधत होता. नानांनी विचारलं, "तिथी काय?"

"चतुर्थी."

"चार पाऊण तीन. तीनला भरती. सहा तास मागे जा, नऊला ओहोटी. साडेदहाच्या आत परत वाळूवर."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. मोबाइलनेही थोड्याफार फरकाने तेच सांगितलं, पण रेंज येईपर्यंत नानांचा चहा पिऊन झाला होता.

हिशेब बिनचूक होता. फक्त त्यात आमचं कुटुंब धरलेलं नव्हतं.

त्यात आदल्या रात्री पोपटी. घरमालकांनी मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी रचली, तोंडाशी पुन्हा पाला कोंबला आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. पाण्याचा थेंब नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, तसे म्हणाले, "झाली." त्या शेंगा सोलून खाताना कुणाला झोप आठवत नाही. बोटं काळी, तोंडाला ओव्याचा वास, आणि घड्याळात साडेबारा. उद्या नऊला ओहोटी आहे, असं नाना अधूनमधून म्हणत होते; तेही शेंग सोलता सोलताच.

सकाळी गीझर एक आणि माणसं सहा. साबुदाणा भिजवायचा राहिला होता. तो कुणी भिजवायला हवा होता, यावर खोलीत जे झालं ते इथे लिहीत नाही. मग रताळी उकडा. मुलीचं सनस्क्रीन गाडीत, गाडीची किल्ली स्वेटरच्या खिशात, आणि स्वेटर गाठोड्यात तळाशी. नाना सातपासून बूट घालून ओटीवर बसले होते आणि स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखे दर दहा मिनिटांनी वेळ सांगत होते. त्या उद्घोषणेकडे प्रवासी जितकं लक्ष देतात, तितकंच आम्ही दिलं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. घोडागाडीवाल्याने आधी आमच्याकडे, मग पाण्याकडे पाहिलं. "नेतो की. पण राहायला जाताय की परत यायचंय?"

सासूबाईंनी वाळूतूनच हात जोडले.

समुद्राचं एक बरं असतं, तो रोज साधारण पाऊण तास उशीर करतो. "उद्या पंचमी, पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी," नाना म्हणाले. "पाऊण तास सवलत." हे त्यांनी मोठ्याने म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे पाऊण तास उशिरा उठले.

तरी साडेदहाला घोडागाडीत बसलो, कारण या खेपेला अंघोळी रद्द केल्या. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं देऊळ आहे. सासूबाई "काल संकष्टी होती" एवढंच म्हणाल्या. गणपतीला म्हणाल्या की नवऱ्याला, ते कळलं नाही. मुलगा तोफेवर चढला, नवऱ्याने उतरवला, पुन्हा चढला. नाना तटाशी उभे राहून सांगू लागले की हे दगड चुन्याशिवाय नुसते रचलेत, फटींत शिरून लाटेचा जोर मोडतो. तेवढ्यात घोडागाडीवाला ओरडला, "आजोबा, बाकीचा इतिहास गाडीत! पाणी चढतंय!" कान्होजी आंग्रे वाटेतच आटोपले, आणि मुलीची एक चप्पल समुद्राला गेली.

संध्याकाळी नानांनी पुढच्या वर्षीसाठी कॅलेंडर काढलं. "बारस धरू. बारा पाऊण नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी. अंघोळी करा, जेवा, सावकाश निघा. कुणाला घाई नको."

सगळ्यांना एकदम पटलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तीनला तुम्ही घोरत असता."